डायलवरचे दहा

भिंतीपलीकडचा धातू कातायचा लेथ थांबला तेव्हा आई कपबश्या पुसत होती. तिने लगेच घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाईला आवाज सुरू झाल्याचं जितकं कळतं, त्याहून तो थांबल्याचं लवकर कळतं. लेथ थांबला म्हणजे कार्बोरेटरचं तोंड कापून झालं. आता कानस चालणार, आणि कानस म्हणजे जोडणी जवळ आली.

चार वाजता गाडी न्यायला माणूस येणार होता. ट्रक घेऊनच.

तिने दोन कप चहा गाळला आणि मागच्या शेडकडे निघाली. शेडच्या उंबऱ्यात तिचा धाकटा भाऊ नेहमीच्या स्टुलावर बसला होता. पोरांचा मामा. जन्मभर मेकॅनिकी केली, त्यातली निम्मी याच शेडमध्ये, मेहुण्याच्या हाताखाली. आता गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती.

"अक्का, तुझी पोरगी माझं ऐकत नाही," तो कप घेत म्हणाला. "वेल्डिंगच्या उष्णतेनं पट्टी वाकलीय. डोळ्यांना दिसतंय."

"डोळ्यांना दिसतंय तर खालून कागद का आरपार जात नाही?" आतून चिमी म्हणाली. मान वर केली नाही.

चिमी सेहेचाळीस वर्षांची होती. पंपाच्या कारखान्यात लेथवरची टर्नर, हाताखाली अकरा माणसं, आणि ती अकराही तिला वचकून असत. घरात मात्र ती अजून चिमीच होती. तीन आठवड्यांची रजा टाकून ती इथे ठाण मांडून बसली होती. समोर जाड काचेवर तिने स्वतः बनवलेला मॅनिफोल्ड उपडा पडला होता. अॅल्युमिनियमची जाड पट्टी, तिला चार वाकडे नळे आणि वर कार्बोरेटर बसायचं तोंड. काम साधं. कार्बोरेटरकडून पेट्रोल मिसळलेली हवा घ्यायची आणि चार सिलिंडरना सारखी वाटायची. घरातल्या वाढणाऱ्या बाईचंच काम, आणि तितकंच कटकटीचं. एकाच्या ताटात जास्त पडलं की सगळं घर बोंबलतं.

"जेवून घे," आई म्हणाली.

"चारनंतर."

"चारनंतर काय उपाशी राहणाऱ्याला बक्षीस आहे का?"

चिमी हसली, पण हात थांबला नाही. आईला त्या हसण्याने बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. या शेडमध्ये मुलीला हसताना तिने सत्तावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. पाहणार कसं? त्या एका दिवसापासून तिचे बाबा होते तोवर तिला इथे पाऊल टाकायची मुभाच नव्हती.

*

थोरला मुलगा दीडला आला. बायकोने पाय आत टाकण्याआधीच त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. धंद्याची सवय. विमा कंपनीचा सर्वेअर तो. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, कोपऱ्यात उभं राहून चार ओळी लिहायच्या आणि सांगायचं की ही दुरुस्त होईल, ही मोडीत जाईल. माणसांबद्दलही तो असाच पटकन निकाल देत असे. गंमत म्हणजे तो बहुतेक वेळा बरोबर निघे, त्यामुळे ती खोड सुटायची आशा नव्हती.

बॉनेट उघडं होतं. लांब नाकाची ती जुनी गाडी लहानपणी त्याला जहाज वाटायची. मागच्या सीटवर तो आणि चिमी, पुढे आई-बाबा, आणि बाबांची शीळ. त्याला ती शीळ अजून ऐकू येई, आणि म्हणूनच ही गाडी त्याला डोळ्यांसमोर नको होती. बाबांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी सगळे जमले असताना त्यानेच अट घातली होती. इंजिन तीन आठवड्यांनंतरच्या रविवारी चारपर्यंत पाच मिनिटं न अडखळता चाललं, तर गाडी आणि शेड दोन्ही राहतील. नाहीतर दोन्ही जातील, आणि आई त्याच्याकडे राहायला येईल. चिमी सगळ्यांसमोर "कबूल" म्हणाली होती. इतक्या चटकन म्हणाली की त्यालाच जरा भीती वाटली.

"किती राहिलंय?" त्याने विचारलं.

"सहा नट," चिमी म्हणाली.

"मी वेळ विचारतोय."

"मी पण तेच सांगतेय."

"चिमे, हट्ट पुरे. त्या माणसाकडे अशा नऊ गाड्या आहेत. जपून ठेवतो तो. इथे गंज खात पडण्यापेक्षा..."

"गंज कुठे दिसला तुला?"

त्याने पाहिलं. खरंच नव्हता. तो बाजूला झाला.

त्याची बायको दातांची डॉक्टर होती. रविवारी सकाळी दवाखाना करून थेट आलेली, खांद्याला तीच पिशवी. सासरच्या भांडणात पडायचं नाही हा तिचा तेवीस वर्षांचा नेम, आणि तो तिने नवऱ्याच्या बाजूला उभं राहून पाळला होता. मात्र नणंदेच्या हातातला पाना नटावर कसा फिरतो ते ती टक लावून बघत राहिली. चिमी एक नट थोडा आवळे, मग समोरचा, मग पुन्हा पहिला. डॉक्टरीणबाईंच्या मनात आलं, ही बाई माझ्याकडे असती तर मी तिला कवळ्या बसवायला ठेवलं असतं.

*

अडीचला चिमीने स्टार्टर मारला.

इंजिन तीनदा खोकलं, चौथ्यांदा पकडलं. मामाने टाळी वाजवली. आईने पदर तोंडाला लावला. शेडचे पत्रे थरथरले, खिळ्याला टांगलेले पाने एकमेकांवर किणकिणले, आणि सत्तावीस वर्षं मुकी असलेली ती गाडी बोलायला लागली.

पण धड बोलेना. आवाज चढायचा, पडायचा, पुन्हा चढायचा. दम लागलेल्या माणसाने जिना चढावा तसा. चिमीने कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरी फिरवला. आणखी पाव. दीड मिनिटाने इंजिनाने एक मोठी उचकी दिली आणि बंद पडलं.

मग थोरला बोलला, आणि त्याने बोलायला नको होतं.

"झालं? झालं समाधान?" त्याचा आवाज वाटला होता त्याहून मोठा निघाला. "सत्तावीस वर्षं बाबा झुरले या गाडीसाठी. मूळ मॅनिफोल्ड तुझ्या हातून फुटला. एकच होता तो. दुसरा मिळाला नाही कुठे. बाबांनी तेव्हाच सांगितलं होतं तुला..."

"काय सांगितलं होतं?" चिमीने पाना खाली ठेवला.

"जाऊ दे."

"नाही, बोल ना. सगळ्यांसमोर बोल."

"तुझ्या हातात माप नाही," तो म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण बाण सुटला होता.

"अहो!" त्याची बायको म्हणाली. तेवीस वर्षांचा नेम त्या एका शब्दात मोडला.

चिमी रडली नाही. ते वाक्य तिने इतक्यांदा स्वतःला ऐकवलं होतं की त्याची धार तिच्यापुरती बोथट झाली होती. आली ती चीड, आणि ती स्वच्छ होती. तिने चिंधीला हात पुसले आणि लेथकडे बोट केलं.

"दादा, इकडे ये. बाबांच्या लेथपाशी उभा राहा."

"कशाला?"

"तू सर्वेअर ना? सर्वे कर."

तिने अंतर मोजायचा गेज आणला आणि त्याचं टोक लेथच्या सरकत्या भागाला टेकवून काटा शून्यावर आणला. "हे चाक. याच्यावर रेघा आहेत, हा डायल. एकेक रेघ म्हणजे एकेक भाग. चाक फिरवलं की कापणारं हत्यार पुढे सरकतं. किती सरकलं ते डायल सांगतो. आणि हा गेज माझा, कारखान्यातला, तपासून शिक्का मारलेला. तोही तेच मोजणार. समजलं?"

"समजलं. लहान मूल नाही मी."

"मग दहा भाग फिरव. डायल बघून."

थोरल्याने चाक फिरवलं. दहावर थांबवलं. मग गेजकडे पाहिलं, आणि कपाळाला आठी पडली.

"बारा दाखवतोय."

"पुन्हा फिरव."

त्याने फिरवलं. डायलवर वीस झाले, गेजवर चोवीस. त्याने चष्मा काढून पुसला, मागे जाऊन शून्यापासून सुरुवात केली, या वेळी मन लावून. आकड्यांपुढे भावना आणायची नाही ही त्याची कामातली शिस्त होती, आणि ती त्याला आता महागात पडत होती. दहाचे बारा. वीसचे चोवीस. पन्नासचे साठ.

"हा डायल चुकीचा आहे," तो हळूच म्हणाला.

"डायल बरोबर आहे. आतला स्क्रू बदललाय. मूळचा नाही, दुसऱ्या कुठल्या तरी लेथचा आहे. आटे मोठे आहेत त्याचे. दहा सांगतो, बारा कापतो." चिमी थांबली नाही. "त्या दिवशी बाबा म्हणाले, दहा-दहाच्या वीस फेऱ्या घे. मी म्हटलं, मधे मोजून बघते. ते म्हणाले, मोजायचं काय, डायल बघ, डायल खोटं बोलत नाही. मी एकोणीस वर्षांची होते. बाबा सांगतायत म्हटल्यावर झालं की! शेवटच्या फेरीला मॅनिफोल्डच्या भिंतीला बोट जाईल एवढी खिडकी पडली. मी एकही भाग जास्त घेतला नव्हता, दादा. एकही नाही."

"तुम्हाला कधी कळलं हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"इथे आले त्या पहिल्या दिवशी. गेज लावल्याशिवाय मी कुठल्याच यंत्राला हात लावत नाही. त्या दिवसापासूनच नाही."

"आणि तीन आठवडे गप्प बसलीस?" आई म्हणाली.

"आधी सांगितलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, नाचता येईना अंगण वाकडं. इंजिन चालवून मग सांगणार होते. याने आज तोंड उघडलं म्हणून." ती उंबऱ्याकडे वळली. "मामा, हा स्क्रू कुणी बसवला?"

*

मामाचा चहा केव्हाच संपला होता, तरी त्याने कप तोंडाला लावला.

या प्रश्नाची तो सत्तावीस वर्षं वाट बघत आला होता. भाचीला कारखान्यात नोकरी लागल्याचे पेढे वाटले तेव्हा, ती सणासुदीलाही शेडकडे पाठ करून बसायची तेव्हा, आणि दाजींनी अंथरुण धरलं तेव्हा. प्रत्येक वेळी त्याला वाटलं, आता विचारतील. कुणीच विचारलं नाही, आणि न विचारता सांगायचं धाडस त्याच्यात नव्हतं. साठ पावलांवरून आवाज ऐकून इंजिनाचा रोग सांगणारा माणूस, पण स्वतःच्या तोंडाला कुलूप.

"मी," तो म्हणाला. "दाजींनी आणि मी, दोघांनी. जुन्याचे आटे झिजले होते. भंगारात एक लेथ सापडला, त्याचा काढला. नवा डायल करून लावू म्हणाले, पण राहून गेलं. त्यांना गरजच पडायची नाही, चिमे. तोंडानं दहा म्हणायचे आणि हात आठाच्या जरा पुढे थांबायचा. आपोआप. मलाही तीच सवय लागली."

"आणि मला?"

"त्याच संध्याकाळी दाजींनी विचारलं, पोरीला स्क्रूचं सांगितलं होतंस ना? मी म्हटलं, मला वाटलं तुम्ही सांगितलंत." मामाने कप जमिनीवर ठेवला. "ते म्हणाले, मला वाटलं तू. उद्या सांगतो तिला, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी बघितलं तर तू बाहेर निघून गेली होतीस, आणि त्यांनी शेडला कुलूप घातलं होतं. मग तो उद्या काही उजाडलाच नाही."

"तू सांगायचंस," आई म्हणाली.

"अक्का, ते मोठे होते. त्यांची मुलगी, त्यांची..."

"माझी नाही?" आईचा आवाज चढला नाही; उलट खाली गेला, आणि भावाला तोच जास्त झोंबला. "एकतीस वर्षं लोकांची गुपितं कानात घेऊन बसले मी. कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला ठाऊक. आणि माझ्याच शेडमध्ये माझा नवरा आणि माझा भाऊ मिळून माझ्या पोरीला खोटी पाडतात, आणि मला पत्ता नाही? मी तिला काय म्हणाले होते, माहीत आहे? जाऊ दे ग, सगळ्यांनाच नसतं जमत. मी म्हणाले ते. मी!"

चिमी पुढे झाली. आईने तिचा हात धरला, मळका, ग्रीस लागलेला, आणि तो आपल्या दोन्ही तळव्यांत घट्ट दाबला. "चुकले ग मी," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं मी. विचारलंच नाही."

थोरला लेथपाशीच उभा होता. चाकावरचा हात त्याने अजून काढला नव्हता.

"तीन वाजायला आले," चिमी आईच्या खांद्यावरून म्हणाली. "रडारड चारनंतर. अजून हरले नाही मी."

"दुरुस्त होईल?" थोरल्याने विचारलं. त्याच्या आवाजातला सर्वेअर गेला होता.

"कुठून तरी हवा खातंय. जोडात फट आहे. कुठे ते कळलं की झालं. चार तोंडं आहेत, प्रत्येकाला वर-खाली, आणि चालू असताना आवाजात काही ऐकू येत नाही."

आईने डोळे पुसले. "नळी आण," ती म्हणाली.

"कसली?"

"रबराची. हातभर. आणि इंजिन चालू कर. तुम्हाला ऐकू येत नसेल, मला येईल."

*

इंजिन पुन्हा सुरू झालं, पुन्हा तसंच धापा टाकत. चिमी एका हाताने त्याला कसंबसं जिवंत ठेवत होती. आईने नळीचं एक टोक कानात धरलं आणि दुसरं मॅनिफोल्डच्या कडेने फिरवायला लागली, हळूहळू, डोळे मिटून. बाहत्तर वर्षांची बाई धडधडत्या इंजिनावर वाकलेली बघून सुनेचा जीव वरखाली झाला. तिने जाऊन सासूचा पदर मागून गच्च धरला, पंख्यात अडकू नये म्हणून.

"पहिलं गप्प आहे," आई म्हणाली. "दुसरं गप्प. तिसरं..." नळी खाली गेली. "इथे. खालच्या अंगाला. कुणीतरी दातांतून सुस्कारा टाकतंय."

चिमीने इंजिन बंद केलं. पाच मिनिटांत सहा नट निघाले. मॅनिफोल्ड हाताला चटके देत होता. तिने चिंधीत धरून तो काचेवर उपडा टाकला आणि निळ्या रंगाची डबी उघडली. काचेवर रंगाचा पातळ हात द्यायचा, वर पट्टी घासायची. जिथे उंचवटा असेल तिथे निळा लागतो. डबी कोरडी ठणठणीत होती.

"मामा, दुसरी डबी?"

"दाजींच्या काळातली असेल. दगड झाली असेल."

"आज रविवार. दुकानं बंद." पहिल्यांदाच चिमीच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

"ताई, उंच भाग कुठे आहे तेच बघायचंय ना?" डॉक्टरीणबाई पिशवीत हात घालत म्हणाली. "मी दिवसभर दुसरं काय करते? दात भरला की हा कागद चावायला लावते. जिथे उंच, तिथे निळा ठिपका." तिने निळ्या पातळ पट्ट्यांची चोपडी काढून नणंदेच्या हातात दिली. "घ्या. गाडीचे दात बघू या."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?" थोरला म्हणाला. विचारलं गमतीत, पण अगदीच गंमत नव्हती.

"ज्यांच्या हातात माप आहे त्यांच्या," ती म्हणाली. "तुम्ही ती कानस आणून द्या आधी."

त्याने आणून दिली.

पट्ट्या काचेवर पसरल्या, मॅनिफोल्ड दाबून घासला, उलटा केला. मधल्या दोन तोंडांच्या बरोबर मधोमध निळा डाग उमटला, नखाएवढा. तेवढ्या नखावर सगळी पट्टी अधांतरी तोललेली होती, आणि म्हणून तिसऱ्या तोंडाची खालची कड टेकत नव्हती.

"वाकलंय म्हटलं होतं की नाही मी!" मामा स्टुलावरून ओरडला, आणि अक्काची नजर पाहून गप्प झाला.

चिमीने कानस चालवली. चार हात, मग कागद. डाग पसरला. आणखी तीन हात, मग कागद. घाई कशातही नव्हती. बाहेर घड्याळ पळत होतं, आत तिचा हात आपल्याच गतीने जात होता. सातव्या वेळी निळा सगळ्या पट्टीवर सारखा लागला, चारही तोंडांभोवती. डॉक्टरीणबाई वाकून बघत म्हणाली, "आता चावा."

*

ट्रक पावणेचारला आला. गिऱ्हाईक उतरलं, इस्त्रीचा शर्ट, हातात पट्ट्या आणि दोर. शेडच्या दाराशी येऊन तो थबकला, कारण आत कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळे एका उघड्या बॉनेटभोवती उभे होते आणि म्हातारी घड्याळ हातात धरून होती.

चिमीने स्टार्टर मारला. एकदाच.

इंजिनाने श्वास घेतला आणि तो पुन्हा अडकलाच नाही. चढणं नाही, पडणं नाही. तिने कार्बोरेटरचा स्क्रू जरासा मागे घेतला, तसा आवाज खाली बसला, मऊ, एकसारखा. बॉनेटवर ठेवलेल्या रिकाम्या कपातला चमचासुद्धा वाजेना. एक मिनिट. दोन. थोरल्याने बोटांनी मोजायला सुरुवात केली आणि मग मोजणं सोडून दिलं. तिसऱ्या मिनिटाला त्याला बाबांची शीळ आठवली, आणि या वेळी ती त्याला नकोशी वाटली नाही.

"पाच," आई म्हणाली.

"वा, चालू पण आहे!" गिऱ्हाईक खूश झालं. "हे तर कुणी सांगितलंच नव्हतं. मग ट्रकवर चढवायलाही सोपं. काढू या?"

"नाही," तिघीही एकदम म्हणाल्या: आई, सून आणि मुलगी.

त्याने थोरल्याकडे पाहिलं. पुरुषमाणूस तोच बोलेल अशी त्याची समजूत असावी. "साहेब, आपलं बोलणं झालं होतं."

"झालं होतं," थोरला म्हणाला. त्याने एकवार चिमीकडे पाहिलं. "माझा सर्वे चुकला. तुमचा हेलपाटा झाला, माफ करा. गाडी जाणार नाही."

"पण तुम्हीच म्हणालात की ती मोडीत..."

"चुकला म्हटलं ना!" तो ताडकन म्हणाला आणि फाटक उघडायला स्वतः गेला.

ट्रक निघून गेला. इंजिन कुणी बंद केलं नाही. मामा उठून उभा राहिला, गुडघे धरून. "चिमे," तो एवढंच म्हणाला.

"आज नको, मामा," चिमी म्हणाली. "रागावलेय मी तुमच्यावर. बाबांवर पण. अजून बराच काळ असेन. स्टूल इथेच राहील तुमचं, पण आज नको."

मामाने मान हलवली आणि पुन्हा बसला. जायला सांगितलं नव्हतं, एवढंच त्याने धरलं.

चिमी लेथपाशी गेली. कपाटातून नंबर पंचांची पेटी काढली. शून्य ते नऊ, पोलादी खिळे, एकेकाच्या टोकाला एकेक आकडा कोरलेला. थोरल्याने ओळखलं ती काय करणार आहे, आणि सवयीने दचकला. या लेथला बाबांनी कधी चिकटपट्टीसुद्धा लावू दिली नव्हती. अंगावर ओरखडा दिसला तर दोन दिवस अबोला धरायचे.

"कायमचं राहील ते," तो म्हणाला.

"म्हणूनच."

"आणि नवा डायल बसवलास तर?"

"तरी राहील. तेव्हा काय झालं होतं तेही वाचू दे लोकांना."

तिने डायलच्या शेजारी, जिथे उभ्या माणसाची नजर आधी पडते त्या जागी, खडूने लिहिलं: १० म्हणजे १२. मग खडूवर एकचा पंच टेकवला आणि हातोडीकडे हात नेला. हातोडी जागेवर नव्हती. ती आईच्या हातात होती.

"आई, बोटावर बसेल माझ्या."

"माझ्या घरातलं खोटं आहे ते," आई म्हणाली. "मी मारणार. तू पंच सरळ धर, हलवू नकोस."

चिमीने पंच धरला. तिला आईच्या हाताची खात्री नव्हती, तरी तिने बोटं मागे घेतली नाहीत.

आईने हातोडी खांद्यापर्यंत उचलली आणि घातली. इंजिनाच्या आवाजातूनही तो घाव सगळ्या शेडला ऐकू गेला. पंच उचलून चिमीने वाकून पाहिलं. एक आकडा लेथच्या अंगात खोल, सरळ उतरला होता.

"आता शून्य दे," आई म्हणाली.